वकिलीची पदवी : कोठून घ्यावी आणि घेऊन काय करावे

या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या टेबलावर योगायोगाने पाच-सहा रंगीत माहितीपुस्तिका पडलेल्या होत्या. त्या माझ्या नव्हेत. आमच्या इब्रामपुरातील एक काजू-बागायतदार आपल्या मुलीसह त्या मला दाखवावयास घेऊन आले होते. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीला चांगले गुण मिळविलेली, बोलण्यात धीट, आणि वकील व्हावयाचे हे नववीतच ठरवून बसलेली. त्या पुस्तिकांपैकी सर्वांत गुळगुळीत कागदाची पुस्तिका एका दूरच्या खाजगी विद्यापीठाची होती. पाच वर्षांची फी वर्षाला तीन लाखांप्रमाणे पंधरा लाख रुपये. राहण्या-जेवणाचा खर्च निराळा. वडील म्हणाले, "मास्तर, बाग गेली तरी चलता, पण चेडू वकील जावंक जाय."

मुलीच्या शिक्षणासाठी बाप बाग विकावयास निघतो, ही गोष्ट आमच्या तालुक्यात एके काळी कोणी खरी मानली नसती. मला आनंद झालाच. पण खरे सांगावयाचे तर भीती अधिक वाटली. कारण बाग विकली गेली म्हणजे गेली. पुस्तिकेतील इमारतीचे चित्र पाहून ती विकावी काय, याचा विचार कोणी तरी शांतपणे करावयास हवा होता. तो मी त्या आठवड्यात केला. जे हाती लागले ते येथे मांडतो. कारण असे पालक दरवर्षी मे-जून महिन्यांत माझ्याकडेच नव्हे, तर प्रत्येक शाळामास्तराकडे येत असतात.

"सर्वांत नामांकित विद्यापीठ कोणते?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : पदवी घेऊन तुम्ही उभे कोठे राहणार? पेडण्याच्या कोर्टात, पर्वरीच्या उच्च न्यायालयात, मुंबईच्या एखाद्या मोठ्या वकिली कंपनीत, की बँकेच्या कायदा खात्यात? या चार जागांचे रस्ते चार वेगवेगळ्या दिशांनी जातात, आणि त्यांची भाडीही वेगवेगळी आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतात वकिली कोणी करावी हे १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने ठरते, आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया करते. बारावीनंतर पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन रस्ते आहेत. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यास किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास ४० टक्के गुण लागतात. पत्रद्वारा घेतलेली कायद्याची पदवी सनदेस चालत नाही. ही गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण तशा जाहिराती पाहून फसलेले लोक मी पाहिले आहेत. पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावयाचे. आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा यांचे बार कौन्सिल एकच आहे. त्या नोंदणीला पूर्वी काही राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालाने ती फी सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये यांपुढे नेण्यास मनाई केली. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती पुस्तके उघडी ठेवून देण्याची परीक्षा म्हणून सुरू झाली, आता फक्त मूळ कायद्यांच्या प्रती नेता येतात. ती उत्तीर्ण झाले की वकिली पक्की.

याचा अर्थ असा की, मान्यताप्राप्त महाविद्यालय लहान असो वा मोठे, दाराशी सगळे एकाच रांगेत उभे राहतात. सनदेवर विद्यापीठाच्या फीचा आकडा छापलेला नसतो. मात्र "मान्यताप्राप्त" हा शब्द सोडू नये. महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे काय, आणि ती चालू वर्षापर्यंत आहे काय, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहावे; कचेरीतील कारकुनाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. देशात कायद्याची महाविद्यालये इतकी वाढली, की ऑगस्ट २०२५ मध्ये कौन्सिलने नवी महाविद्यालये काढण्यास तीन वर्षांची बंदी घातली. शिक्षणाचा दर्जा घसरत असल्याचे कारण तिने स्वतःच दिले. यावरून काय समजावयाचे ते पालकांनी समजावे.

आता माझ्या घरची एक हकिकत सांगतो, कारण या विषयात मला रस का, याचे उत्तर तिच्यात आहे. माझे आजोबा १९९६ साली वारले. मी तेव्हा अकरावीत होतो. मागे आमची दादी, दोन मुलगे, तीन मुली, एक घर आणि काजूची थोडी भरड जमीन. वाटणीचे काम ज्या वकिलाकडे दिले, ते बाहेर शिकून आलेले, एका नामांकित कॉलेजचे पदवीधर, इंग्रजी अस्खलित. त्यांनी सगळी मिळकत आजोबांची धरली, आणि मुसलमानी वारसा कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे दादीला आठवा हिस्सा, मुलाला दोन तर मुलीला एक, असा हिशेब मांडला. भारताच्या इतर भागात तो हिशेब बिनचूक ठरला असता. पण गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना लागू होती, आणि १९३७ चा शरियत कायदा येथे कधी लागूच झाला नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणजे अर्धी मिळकत दादीची स्वतःचीच होती, ती वाटणीत येण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या अर्ध्यात मुलगे व मुली सारखे वाटेकरी. आठवा हिस्सा कोठे आणि अर्धा कोठे! ही चूक एका वयस्क वकिलांनी काढली. पोर्तुगीज अमदानीत एका जुन्या वकिलाच्या हाताखाली त्यांनी कागद लिहिण्याचे काम केले होते. तोपर्यंत दोन वर्षे गेली होती, आणि माझ्या एका आत्येने भावांशी बोलणे सोडले होते. पुढे सर्व सुरळीत झाले. दादी मात्र शेवटपर्यंत म्हणे, "त्या शिकलेल्या वकिलाने मला माझ्याच घरात भाडेकरू केले होते."

त्या वकिलांची बुद्धी कमी होती असे नव्हे. त्यांनी जो कायदा शिकला तो येथे चालत नव्हता, एवढेच.

या गोष्टीला मोठा इतिहास आहे. पोर्तुगीज काळात कायद्याची पदवी हवी असेल तर गोवेकर कुइंब्रा किंवा लिस्बनला जात. पोर्तुगीज दिवाणी कायद्यावर चौदा खंडांचा ग्रंथ लिहिणारे लुईश द कुन्य गोन्साल्विश हे गोव्यातच जन्मलेले, कुइंब्रास शिकलेले गृहस्थ. ज्यांना तितके दूर जाणे परवडत नसे, ते येथेच अनुभव घेऊन, परवाना मिळवून वकिली करीत. १९६१ साली राज्य बदलले, पण १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे, ते रद्द होईपर्यंत, चालू ठेवले. त्यामुळे बेळगाव, पुणे, मुंबई येथून भारतीय कायदा शिकून येणाऱ्या तरुणांना येथे येऊन दुसरा कायदा नव्याने शिकावा लागे. १९७३ साली पणजीस आणि १९७४ साली मडगावास कायद्याची महाविद्यालये निघाली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. वारसाहक्काचा भाग आता गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसीडिंग अॅक्ट, २०१२ या कायद्यात आला असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. विवाहाच्या मिळकतीची जुनी कल्पना मात्र तीच राहिली आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला, की गोव्याचा रहिवासी असलेल्या माणसाची मिळकत भारतात गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाला गोव्याचाच कायदा लागेल. आमच्यासारख्या सरहद्दीवरील गावात, जेथे घर इब्रामपुरात आणि शेताचा तुकडा दोडामार्गाकडे असा प्रकार आढळतो, तेथे हा निर्णय केवढा महत्त्वाचा आहे! हे पुण्याच्या पाठ्यपुस्तकात कोपऱ्यात असेल. पेडण्यात ते रोजच्या भाकरीचे काम आहे.

तेव्हा जो मुलगा किंवा मुलगी पेडणे-म्हापसा-पणजी या पट्ट्यात वकिली करणार, तिने गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मिरामारचे व्ही. एम. साळगावकर महाविद्यालय आणि मडगावचे गोविंद रामनाथ कारे महाविद्यालय ही ती दोन. दोन्हींत तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. पणजीच्या महाविद्यालयाची गावोगावची मोफत कायदा सल्ला केंद्रे हा मला त्यातील विशेष वाटतो. मुंडकाराचे प्रकरण काय असते, एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाचे नाव कोठे लागते, हे विद्यार्थ्याला तेथे प्रत्यक्ष माणसांकडून कळते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा हे वर्गात पाठ करण्याचे विषय नव्हेत. मामलेदार कचेरीच्या बाकावर बसून समजावयाचे विषय आहेत. बार कौन्सिलच्या पुढाकाराने २०२२ साली गोव्यात निघालेले नवे कायदा विद्यापीठही आहे. ते अजून लहान वयाचे आहे. फी व सोयी पाहून निर्णय करावा.

सरहद्दीपलीकडचे रस्तेही आम्हांला जवळचे आहेत. तिलारीचा घाट चढून बेळगावास जाता येते. तेथील राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ सालचे. देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तेथलेच विद्यार्थी. कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज १९३३ चे. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ चे, त्याने न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश दिले. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय तर १८५५ चे, आणि १९३५ साली डॉ. आंबेडकर त्याचे प्राचार्य झाले. या जुन्या संस्थांची फी अनेक नव्या खाजगी विद्यापीठांहून पुष्कळ कमी आहे, ही गोष्ट रंगीत पुस्तिकांच्या गर्दीत हरवून जाते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी त्या राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी जागा थोड्या असतात.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांविषयी दोन शब्द वेगळे लिहितो. बंगळूरचे पहिले, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे २०१४ ते २०१७ या काळात तीन निघाली. त्यांना २००८ पासून क्लॅट ही देशव्यापी परीक्षा आहे. शिक्षण उत्तम, पण फी वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याहून अधिक. आणि परीक्षा पूर्ण इंग्रजीत, वेगाने वाचणाऱ्याची. आमची मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात टाकली जातात, आणि दहावीपर्यंत दोन्ही भाषांत थोडी अडखळतात. हुशारी कमी नसते. वाचनाचा वेग कमी असतो. म्हणून ज्याला तिकडे जावयाचे असेल त्याने अकरावीच्या पहिल्या दिवसापासून रोज एक इंग्रजी वृत्तपत्र, अग्रलेखासह, मोठ्याने वाचावे. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली गरीब व ग्रामीण विद्यार्थ्यांना या विद्यापीठांत पोचविण्यासाठी 'इडिया' नावाचा उपक्रम सुरू केला. ते २०१९ मध्ये वारले. पण उपक्रम चालू आहे, त्याची चौकशी अवश्य करावी.

आता पैशाकडे वळू. मी गणिताचा मास्तर नव्हे, तरी फळ्यावर हा हिशेब मांडून पाहिला. दरवर्षी तीन लाख रुपये कर्ज, पाच वर्षे, व्याज दहा टक्के, परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. पहिल्या तीन लाखांवर सहा वर्षांचे व्याज, दुसऱ्यांवर पाच वर्षांचे, असे करीत गेले तर सरळव्याजानेही सहा लाख रुपये होतात. म्हणजे पंधराचे एकवीस लाख झाले. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा हप्ता सुमारे २७,७५० रुपये. आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शिफारस केली, की ज्येष्ठ वकिलांनी नव्या ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. इतके पैसे देणारे थोडेच. म्हणजे सर्व काही मनासारखे घडले तरी ज्युनिअर वकिलाचा पगार बँकेचा हप्ता भरावयासही पुरत नाही. खाणे-पिणे, बसभाडे, काळा कोट हे बाजूलाच. हा हिशेब मी त्या वडिलांना दाखविला तेव्हा ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले.

मग बाग विकून कर्ज टाळले तर? तर हप्त्याऐवजी दरवर्षीचे काजूचे उत्पन्न जाते, आणि वकिलीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मुलीला घरून जो आधार लागणार, तोच नाहीसा होतो. वकिलीच्या धंद्यात हीच गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. शिक्षकाची नोकरी लागली की पहिल्या महिन्याअखेर पगार येतो. वकिलाचे तसे नाही. त्याला उमेदवारीची वर्षे काढावी लागतात, आणि त्या वर्षांत त्याला कोणी तरी पोसावे लागते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी पाहून तिचा उपयोग करावा. पण बिनव्याजी झाले तरी कर्ज ते कर्जच.

"आमच्याकडे शंभर टक्के नोकऱ्या," असे पुस्तिकांत छापलेले असते, आणि खाली सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा. यावर एक सोपा उपाय सांगतो. समजा, सात पदवीधरांना वर्षाला चोवीस, पाच, चार, तीन, दोन, दोन आणि दोन लाख असे पगार मिळाले. बेरीज बेचाळीस, सरासरी सहा लाख. पण सहा लाख किंवा त्याहून अधिक मिळविणारा त्या सातांत एकच आहे! रांगेतल्या मधल्या माणसाचा पगार तीन लाख. म्हणून महाविद्यालयास सर्वांत मोठा पगार विचारू नये, सरासरीही विचारू नये. मधला पगार विचारावा. आणि एकूण पदवीधर किती होते, त्यांपैकी किती जण या हिशेबात धरले, हेही विचारावे. जी संस्था या प्रश्नाने चिडते, तिच्याबद्दल आणखी काही विचारण्याची गरज नाही.

पदवीनंतरच्या वाटा कोणकोणत्या? मुंबई-दिल्ली-बंगळूरच्या बड्या वकिली कंपन्या बहुतेक भरती राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या नामांकित कॉलेजांतून करतात. ज्याचे लक्ष्य तेथेच आहे, त्याच्यासाठी विद्यापीठाचे नाव खरोखरच महत्त्वाचे, आणि ते मी नाकारीत नाही. बँकांत कायदा अधिकाऱ्यांची पदे निघतात. त्यांना कायद्याची पदवी आणि बार कौन्सिलची नोंदणी लागते, कॉलेजचे नाव लागत नाही. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्याने एक बदल ध्यानात घ्यावा : सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे कॉलेजातून थेट न्यायासनावर जाण्याची वाट बंद झाली. ती तीन वर्षे कोठल्या तरी कोर्टात, कोणा तरी ज्येष्ठाच्या हाताखाली काढणे आलेच. गोवा सरकारच्या पदांसाठी लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट, असे असते. या तिन्ही गोष्टी आमच्या मुलांकडे जन्मतःच आहेत. दिल्लीच्या विद्यापीठातून त्या विकत मिळत नाहीत. शिवाय गरिबांच्या फौजदारी बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्णवेळ मानधनी वकील नेमण्याची पद्धत आणली आहे. नोटरी होण्यास दहा वर्षांची वकिली लागते. स्त्रियांना सात वर्षे पुरतात.

आणि पेडण्यातच काम किती आहे! मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्याच्या आधीपासून जमिनीचे संपादन, नुकसानभरपाई, रस्ते, वस्तीच्या कडेला उठणाऱ्या इमारती, हॉटेलांचे परवाने, जमीन-खरेदीचे करार यांचा तालुक्यात नुसता पाऊस पडतो आहे. विमानतळाच्या पर्यावरणीय परवानगीवरचा हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने परवानगी स्थगित केली, आणि जानेवारी २०२० मध्ये अटींसह पुन्हा मोकळी केली. देशभरच्या पर्यावरण कायद्याच्या वर्गांत तो आज शिकविला जातो. आमच्या मुलांना मात्र त्याचे नावही ठाऊक नसते. मांद्र्याचे वकील रमाकांत खलप १९९६ साली केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले होते, एवढे तरी ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट मला येथे सुचते, ती कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही. गोव्यातील जुन्या जमिनींचे नोंदणीचे कागद पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली असल्यामुळे त्याहून जुने काही कागद मोडी लिपीत सापडतात. बँकेला जमिनीच्या हक्काचा अहवाल हवा असला, की हे कागद वाचणारा शोधावा लागतो, आणि असे वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. ज्या विद्यार्थ्याला मोडी येते आणि पोर्तुगीज कागद समजतो, त्याच्यापाशी ज्येष्ठ वकील स्वतः चालत येतील. पोर्तुगीज शिकण्याची सोय गोवा विद्यापीठात आहे, पणजीत इतरत्रही वर्ग चालतात. मोडी तर मराठी लिहिणाऱ्याला काही महिन्यांची गोष्ट आहे.

लहान विद्यापीठाची पदवी घेऊन माणूस किती वर जातो, असे विचारणाऱ्यांना मी भूषण गवई यांचे नाव सांगत असतो. अमरावतीच्या नगरपालिका शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले, कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची, आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. अर्थात त्यांचे वडील रा. सू. गवई हे मोठे राजकीय नेते होते, हे विसरून उदाहरण देणे प्रामाणिकपणाचे नव्हे. प्रत्येकाच्या घरी तसे वडील नसतात. बागायतदार वडील असतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही तिघे पुन्हा बसलो. तिला मी पहिलाच प्रश्न विचारला, "उभी कोठे राहणार?" ती म्हणाली, "सर, पेडण्याच्या कोर्टात. नंतर जमले तर पर्वरीला." मग बाकीचे सोपे झाले. मिरामारच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला, आणि तेथे जागा न मिळाल्यास विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात बी.ए. करून मग तीन वर्षांचा कायदा, असे ठरले. त्यात एक वर्ष अधिक जाते, पण ती वर्षे घरून ये-जा करता येते. मिरामारची यादी लागली तेव्हा तिचे नाव तीत नव्हते. ती दोन दिवस रडली, हे तिच्या आईने सांगितले; तिसऱ्या दिवशी विर्नोड्यास जाऊन नाव घालून आली.

आता ती दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या महिन्यात शाळेत आली होती, हातात तिच्या आजोबांच्या बागेचा एक जुना पोर्तुगीज कागद. घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. "सर, यात काय लिहिले आहे, वाचता येते काय?" मला येत नव्हते. तिने तो काळजीपूर्वक पुन्हा घडी घालून वहीत ठेवला, आणि पणजीच्या पोर्तुगीज वर्गाची फी किती असते, ते विचारले.